हळूताई आणि पडद्यावरचे सत्तर

आमच्या हॉस्पिटलच्या आयसीयूत बारा खाटा आहेत. प्रत्येक खाटेच्या डोक्याशी एक मॉनिटर, बाजूला औषधाचे पंप आणि निम्म्या खाटांशी व्हेंटिलेटर. ही यंत्रं नीट चालतात की नाही ते बघायचं काम माझं. मी बायोमेडिकल इंजिनियर आहे. माझ्या आईला हे अजून नीट सांगता येत नाही. ती शेजारणींना सांगते, "आमची मुलगी डॉक्टरांची यंत्रं दुरुस्त करते, डॉक्टरसुद्धा तिच्यापुढे हात जोडतात." हात कुणी जोडत नाही. "लवकर करा" म्हणतात.

लवकर न म्हणणारी तिथे एकच नर्स आहे. तिला सगळे हळूताई म्हणतात.

हे नाव तिला वॉर्डातल्या मामांनी दिलं. मामा पेशंटची ट्रॉली ढकलतात, आणि त्यांना वळणावर वेग कमी करायची सवय नाही. रोज दारातून हिचा आवाज येतो, "मामा, हळू. वर माणूस आहे."

"ताई, तुमच्या वेगानं गेलो तर पेशंट बरा होऊन स्वतः चालत लिफ्टपर्यंत पोचेल."

"पोचू दे की. तुमची कंबर वाचेल."

दार आपटलं की हळू, पाना हातातून पडला की हळू, तरुण डॉक्टर पेशंटच्या उशाशी मोठ्यानं बोलायला लागला की त्यालाही हळू. ती स्वतः मात्र कामाला हळू नाही. खाटेवर माणूस असताना खालची चादर बदलायला दोघीजणींना जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात ती एकटी बदलते. वय सेहेचाळीस, उंची बेताची, बुटांच्या टाचा एका बाजूनं झिजलेल्या आणि खिशात कायम पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ.

मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात आमचं भांडण झालं. नवे मॉनिटर बसवून मी दुपारी फेरी मारायला गेले, तर सात नंबरच्या मॉनिटरवर चक्क टॉवेल टाकलेला. मी तो ओढून काढला.

"हे कुणी केलं? पडदा झाकला तर कळणार कसं?"

"मी केलं. आणि मला कळतंय." ती पेशंटच्या सुकलेल्या ओठांवरून ओला कापूस फिरवत होती. मानही वर केली नाही. "तू त्या बाईंना विचार, गेला तासभर त्या कुठे बघत होत्या."

खाटेशी पेशंटची बहीण बसली होती. ती ओशाळून म्हणाली, "त्या आकड्यांकडे."

"बघ. भाऊ इकडे, आणि ह्यांची पाठ भावाकडे. पुढे कधी आठवण काढतील तेव्हा तुझा डबा आठवायचा का ह्यांनी?"

माझ्या मॉनिटरला डबा म्हटलेलं मला फार लागलं. मी तिला अलार्म, त्याच्या मर्यादा, नियम असं सगळं पाच मिनिटं ऐकवलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि हात पुढे केला. "झालं? मग टॉवेल दे."

नंतर एकदा तिनंच विचारलं, खाटेजवळचा पडदा काळा करून फक्त नर्सच्या टेबलावरचा चालू ठेवता येतो का? येतो. सेटिंगमध्ये आत जाऊन, माझा पासवर्ड घालून करावं लागतं. पण मी म्हटलं, त्यासाठी वरून लेखी परवानगी लागेल. "मग आण परवानगी," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि विसरले. खरं सांगायचं तर विसरले नाही, माझ्या यंत्राचं तोंड बंद करायला माझा जीव होत नव्हता.

पण त्या भांडणानंतर मी तिचं काम बघायला लागले. बघण्यासारखंच असतं ते. नवा पेशंट आला की ती नातेवाइकांना पहिला प्रश्न विचारते, "घरी काय म्हणतात?" मग चिकटपट्टीवर ते नाव लिहून खाटेच्या डोक्याशी लावते. एकदा एक मोठे अधिकारी आले. फाइलवर त्यांचं नाव हुद्द्यासकट दीड ओळ. त्यांची थोरली बहीण म्हणाली, "बंड्या." हळूताईनं सरळ 'बंडूभाऊ' लिहिलं. दोन दिवस ते कुणाच्या हाकेला डोळे उघडत नव्हते. ही म्हणाली, "बंडूभाऊ, कूस बदलते हं, जरा गार लागेल," आणि त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे असं पाहिलं, की ही कोण आगाऊ! असं रोज होत नाही. बहुतेक वेळा डोळे उघडत नाहीत. तरी ती सांगते. सुई टोचायच्या आधी सांगते, तोंड पुसायच्या आधी सांगते, केस विंचरताना भांग कुठल्या बाजूला पाडते तेही सांगते.

दुसरी सवय पायांची. ड्यूटीवर आली की ती मॉनिटर बघत नाही. आधी पांघरूण वर करून दोन्ही पावलांवर हात ठेवते. "तोंडावर माणूस काहीही दाखवेल," ती म्हणते, "पायांना सोंग येत नाही."

तिचा नवरा मोटार चालवायला शिकवतो. "दुसऱ्यांना ब्रेक शिकवतो आणि स्वतः बोलायला लागला की ब्रेक नाही," हे तिचं त्याच्याबद्दलचं ठरलेलं वाक्य. पण ज्या दिवशी ती घरी येऊन भाजी फार बारीक चिरायला बसते, त्या दिवशी तो एक शब्द बोलत नाही. त्याला कळतं, आज तिच्या हातांत कुणी पेशंट गेला. मुलगी दहावीला आहे. तीही ताटातली भाजी बघून अभ्यासाचं रडगाणं दुसऱ्या दिवसावर ढकलते. हे मला नवऱ्यानंच सांगितलं, तिला न्यायला आला होता तेव्हा. ती जिन्यावरून दिसली आणि त्यानं लगेच ब्रेक लावला.

आता एका शब्दाबद्दल सांगते. त्याचं कारण मला फार नंतर कळलं, पण इथेच सांगितलं नाही तर पुढचं समजणार नाही.

'स्थिर' हा शब्द हळूताई कधीच वापरत नाही. आयसीयूत नातेवाइकांना सांगायचे तीनच शब्द असतात, गंभीर, स्थिर आणि सुधारणा. हिनं त्यातला मधला टाकून दिला आहे. त्याच्याऐवजी ती लांबलचक वाक्यं बोलते, "सकाळपेक्षा वाईट नाहीत, पण बरेही नाहीत, श्वास घ्यायला कष्ट पडताहेत." मामा तिची नक्कल करतात, "चहा गरम नाही, पण गारही नाही, कप उचलायला कष्ट पडताहेत."

तेवीस वर्षांची असताना ती आयसीयूत नवीन होती. बाहेरच्या बाकावर एक ड्रायव्हर तीन दिवस बसून होता, आत त्याचा बाप. त्यानं दारातून विचारलं, कसे आहेत? हिनं तक्ता बघितला. सकाळचे आकडे आणि आत्ताचे आकडे सारखेच. शिकवल्याप्रमाणे ती म्हणाली, "स्थिर आहेत." तो म्हणाला, "मग मी दोन घास खाऊन येतो." वीस मिनिटांत परत आला तेव्हा धुतलेला हात अजून ओला होता आणि बाप गेला होता. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "सिस्टर, तुम्ही तर स्थिर म्हणालात."

"एक थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं," हळूताई मला म्हणाली. "आपल्याला स्थिर म्हणजे सकाळचेच आकडे. विहिरीच्या काठावर उभा असलेला माणूसही स्थिरच असतो गं. बाहेरच्याला स्थिर म्हणजे वाचला."

हे तिनं मला सांगितलं ते माझ्याही हातून तेच झालं म्हणून.

चार नंबरच्या खाटेवर एक म्हातारे पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पट्टीवर 'पेंटरबाबा' असं लिहिलेलं. सहा वर्षांपूर्वी छातीत पेसमेकर बसवला होता. आता मूत्रपिंडं थकली होती, फुप्फुसात पाणी होतं, आणि रक्तदाब औषधाच्या पंपावर टिकून होता. त्यांची बायको, म्हणजे आजी, चार दिवस हॉस्पिटलातून हलली नव्हती. मूलबाळ नव्हतं. डॉक्टरांनी दोन दिवसांपूर्वी तिला खोलीत बसवून समजावलं होतं, की आता नळी घालणार नाही, छाती दाबणार नाही, "ह्यांना आणखी त्रास देणार नाही." आजींनी ऐकलं ते असं, की ह्यांना आणखी त्रास होणार नाही. त्यांनी सही केली आणि डॉक्टरांना दीर्घायुष्याचा आशीर्वाद देऊन बाहेर आल्या. हळूताई दोन दिवस रजेवर होती. ती असती तर हा घोटाळा तिथेच सुटला असता.

त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमाराला मी चार नंबरवर ऑक्सिजन मोजणाऱ्या बोटाच्या चिमट्याची वायर बदलत होते. ड्यूटीवरची नर्स पलीकडच्या खाटेशी अडकली होती. आजींनी माझा कोट बघून विचारलं, "बाई, कसं आहे हो ह्यांचं?"

मी मॉनिटरकडे बघितलं. ठोके सत्तर. रेषा आखल्यासारखी. रक्तदाब चांगला. वायर बदलल्यामुळे ऑक्सिजनची लाटही स्वच्छ दिसत होती, आणि मी माझ्या कामावर खूश होते.

"सगळं स्थिर आहे, आजी."

त्यांचा चेहरा उजळला. "मग मी दोन तास घरी जाऊन येऊ? चार दिवस डोक्यावरून पाणी नाही. केसांची नुसती जट झालीय. हे डोळे उघडतील आणि म्हणतील, ही कोण भवानी आली."

"जा की आरामात," मी म्हणाले. वर त्यांचा फोन चार्ज नव्हता तो माझ्या चार्जरला लावून दिला. "आल्यावर घ्या."

दोन वाजता हळूताई ड्यूटीवर आली. मी टेबलाशी वही लिहीत होते. ती चार नंबरवर गेली, पांघरूण वर केलं, पावलांवर हात ठेवला. मग गुडघ्यांपर्यंत पांघरूण सरकवलं. मग नुसती उभी राहून त्यांचा श्वास बघत राहिली. श्वास यायचा, थांबायचा, बऱ्याच वेळानं पुन्हा यायचा.

"आजी कुठे?" तिनं विचारलं.

"घरी गेल्यात. केस धुवायला. मीच म्हटलं त्यांना..." माझा आवाज आपोआप बारीक झाला. "स्थिर आहेत म्हणून."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागावली असती तर मी सेटिंग, आकडे, पेसमेकर असं काहीतरी बोलले असते. ती रागावली नाही. "हात लाव," म्हणाली.

मी पेंटरबाबांच्या पावलाला हात लावला. दीड वर्षात मी या खोलीतल्या प्रत्येक यंत्राला हात लावला होता, पण पेशंटच्या पायाला पहिल्यांदाच. पाऊल फरशीसारखं गार होतं. गुडघ्यांवर जांभळी नक्षी उमटली होती.

"पण ठोके सत्तर..."

"ते कुणाचे?"

मला उत्तर माहीत होतं. मी त्याच्यावर परीक्षा दिली होती. पेसमेकर सत्तरावर लावलेला असला की तो सत्तर ठोके देतो. माणूस झोपलेला असो, घाबरलेला असो, जायला निघालेला असो, बॅटरी सत्तरच म्हणते.

हळूताईनं फाइल उघडून आजींचा नंबर लावला. माझ्या चार्जरला लावलेला फोन दाराबाहेरच्या बाकाजवळ वाजायला लागला.

"घर कुठे आहे ते लिहिलंय इथे," ती म्हणाली. "तुझी स्कूटर आहे ना? जा, घेऊन ये."

"काय सांगू त्यांना?"

"खोटं सांगू नकोस. म्हण, ताईनं लगेच बोलावलंय. बाकी मी सांगेन, ते माझं काम आहे. आणि हे बघ," मी धावायला लागले होते, "गाडी हळू."

घर पंधरा मिनिटांवर होतं, तिसऱ्या मजल्यावर. दारावरच्या पाटीची अक्षरं इतकी सुरेख की त्या घाईतही नजर अडकली. आजींनी दार उघडलं. केस ओले, खांद्यावर पंचा.

"अगं, तू? मशीन बिघडलं का?"

"नाही आजी. ताईनं लगेच बोलावलंय तुम्हाला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "केस पुसून घेऊ?"

"नको. तशाच चला."

त्या पंचा टाकून तशाच निघाल्या. कुलूप लावताना किल्ली दोनदा चुकली. स्कूटरवर त्या एका बाजूला पाय घेऊन बसल्या आणि माझा खांदा धरला. त्यांच्या केसांतलं पाणी माझ्या पाठीवर उतरत होतं. "मी ह्यांच्या सायकलच्या दांड्यावर बसायचे," त्या म्हणाल्या. "तुझी गाडी बरी. निदान हाडं मोडत नाहीत."

लाल दिव्याला थांबलो तेव्हा कानाशी आवाज आला, "तू मघाशी स्थिर म्हणालीस ना?"

"हो. चुकलं माझं."

"मशीन चुकीचं दाखवत होतं?"

"मशीन बरोबर होतं, आजी. मी चुकले."

खांद्यावरचा हात तसाच राहिला. दिवा हिरवा झाला.

आम्ही पोचलो तेव्हा हळूताई पेंटरबाबांची पावलं दोन्ही हातांत धरून बसली होती. आजींना बघून उठली, स्टूल खाटेला अगदी चिकटवून ठेवलं, आणि त्यांचा दंड धरून म्हणाली, "आजी, बाबांची वेळ जवळ आलीय. आजच, बहुतेक तासाभरात. त्यांना दुखणार नाही एवढं आम्ही बघतोय. तुम्ही बोला त्यांच्याशी, त्यांना ऐकू जात असेल."

"म्हणजे घरी नाही यायचे."

"नाही यायचे."

आजी उभ्याच राहिल्या. केसांतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. मग त्या म्हणाल्या, "मग मी बसते," आणि बसल्या. बसल्याबरोबर त्यांची नजर मॉनिटरकडे गेली. "सत्तर आहे की अजून. सकाळीही सत्तरच होतं. ताई, तुमचा काही घोटाळा तर नाही?"

हळूताई माझ्याकडे वळली. हे मी सांगायचं होतं.

"आजी, ते सत्तर बाबांचं नाही," मी म्हणाले. "छातीत ते छोटं यंत्र बसवलंय ना, त्याचं आहे. त्याला बॅटरी आहे. ते आपलं मोजून ठोके देत राहतं. बाबा थकलेत हे त्याला कळत नाही."

"म्हणजे हे गेले तरी ते सत्तरच म्हणणार?"

"हो. काही वेळ."

आजी थोडा वेळ त्या हिरव्या रेषेकडे बघत राहिल्या. "मग काय कामाचं ते," त्या म्हणाल्या.

मी पुढे झाले, सेटिंगमध्ये गेले, पासवर्ड घातला. पडदा काळा झाला. परवानगीचा कागद कुणाकडेच नव्हता. हळूताईनं टॉवेल घेतला, ती आजींच्या मागे उभी राहिली आणि त्यांचे केस पुसायला लागली.

"काय बोलू?" आजींनी विचारलं. "एवढ्या वर्षांत मी ह्यांच्याशी बोलले कुठे? भांडलेच."

"मग भांडा."

"ऐकलंत का," आजी पेंटरबाबांच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मोरीचा नळ अजून गळतोय. उद्या बघतो, उद्या बघतो. आज पुन्हा पायावर पाणी. आणि ती हिरव्या रंगाची बरणी कुठे ठेवलीत ते सांगितलं नाहीत, मी लोणच्याची म्हणून उघडली, जेवण जाईना मला त्या वासानं."

पलीकडून मामा रिकामी ट्रॉली घेऊन चालले होते. ते थांबले, आणि ट्रॉली उचलल्यासारखी धरून, चाकांचा आवाज न करता गेले.

पंधरा-वीस मिनिटं असं चाललं. नळ, बरणी, कुणाच्या तरी लग्नाला न गेल्याचं भांडण, एका न घेतलेल्या पंख्याचं भांडण. मी टेबलावरच्या पडद्यासमोर बसले होते. तिथे चार नंबर चालू होता. रक्तदाब हळूहळू उतरत होता. बोटाच्या चिमट्याची लाट बुटकी होत चालली होती. आणि वर, सत्तर.

केस पुसता पुसता हळूताईच्या हाताखाली आजींचं डोकं मागे कललं. "असेच ह्यांनी पुसले होते एकदा," त्या म्हणाल्या. "रॉकेलच्या बोळ्यानं. आठवतं का हो? ताई, तुम्हाला सांगते. आमचं लग्न होऊन महिना झाला होता. ह्यांना मोठं काम मिळालं, चष्म्याच्या दुकानाची पाटी. दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. निळी अक्षरं, खाली पिवळी सावली. मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. रस्त्याच्या पलीकडे उभं केलं आणि म्हणाले, कशी आहे? मी वाचलं. लिहायचं होतं 'येथे डोळे तपासून मिळतील'. ह्यांनी लिहिलं होतं 'येथे डोके तपासून मिळतील'."

हळूताईला हसू आवरेना. मलाही.

"हसता काय! मी नवी नवरी. सांगणार कसं? म्हटलं, अक्षर छान आहे. हे खूश. तीन दिवस ती पाटी तशीच. चौथ्या दिवशी दुकानदार घरी. अहो पेंटर, म्हणाला, लोक आत येऊन विचारताहेत, आमच्या सासूचं डोकं तपासायला किती घ्याल? मग काय, संध्याकाळी शिडी घेऊन निघाले. तोंड एवढंसं. मी मागे मागे. म्हटलं, मी धरते शिडी. हे वर, मी खाली, दोन्ही हातांनी घट्ट धरलेली..."

आजी थांबल्या, त्यांनी पेंटरबाबांच्या तळहातावरून अंगठा फिरवला. टेबलावरच्या पडद्यावर मला दिसलं. चिमट्याची लाट सपाट झाली होती, म्हणजे बोटापर्यंत रक्त पोचत नव्हतं. मी दहापर्यंत मोजलं. मग आणखी दहा. वर सत्तर, आणि रेषा तशीच आखल्यासारखी.

मी उठले आणि खाटेकडे गेले. तोंड उघडणार इतक्यात हळूताईनं माझ्याकडे बघितलं. तिचा एक हात आजींच्या केसांवर होता. दुसऱ्या हाताची दोन बोटं पेंटरबाबांच्या गळ्याशी कधी गेली होती ते मला कळलंही नव्हतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, तीन चौदा, आणि मान जराशी हलवली. थांब.

"...तर वरून ह्यांचा आवाज आला," आजी पुढे सांगू लागल्या. "तू वाचलं नव्हतंस का गं? मी म्हटलं, वाचलं होतं. पहिल्याच दिवशी. मग बोलली का नाहीस? म्हटलं, तुम्ही इतके खूश होतात. झालं! ह्यांना असं हसू फुटलं, असं हसू फुटलं, की शिडी हलायला लागली. रंगाचा डबा कलंडला आणि निळा रंग सगळा माझ्या डोक्यावर. मग तिथेच फुटपाथवर बसवलं मला, दुकानदाराकडून रॉकेल आणलं आणि एक एक बट धरून पुसत बसले. माणसं बघताहेत, ह्यांना त्याचं काही नाही. अंधार पडेपर्यंत."

त्या बोलायच्या थांबल्या. पंपाची मोटर तेवढी वाजत होती. हळूताईनं पंप बंद केला. मग ती फिरून पुढे आली, आजींसमोर उकिडवी बसली आणि त्यांचे हात, त्यात पेंटरबाबांचा हात होता त्यासकट, आपल्या हातांत घेतले.

"आजी, बाबा गेले."

आजींनी तोंडाकडे बघितलं. मग काळ्या पडद्याकडे. मग पुन्हा तोंडाकडे, आणि यावेळी नजर तिथेच राहिली. बराच वेळ.

"कधी?"

"दोन-तीन मिनिटं झाली. तुम्ही सांगत होतात."

"कुठपर्यंत आले होते मी?"

'सगळं ऐकलं त्यांनी' असं म्हणणं किती सोपं होतं. मी असते तर म्हणाले असते.

"शिडी धरलीत, तिथपर्यंत," ती म्हणाली.

आजींनी मान हलवली. मोकळ्या, अर्धवट सुकलेल्या केसांची एक बट पुढे आली होती, ती त्यांनी कानामागे सारली.

"मग चालेल," त्या म्हणाल्या. "पुढचं सगळं ह्यांनीच केलं होतं. ह्यांना काय सांगायचं?"